वर किती?

पहाटे ४.४५

नगरहून येणारी पेपरची जीप आष्टीच्या बसस्थानकासमोर जेमतेम दोन मिनिटं थांबते. ड्रायव्हर खाली उतरत नाही. मागचं दार आपणच उघडायचं, आपल्या नावाचे गठ्ठे ओढायचे आणि पत्र्यावर दोनदा थाप मारली की गाडी पुढं. न्यू आष्टीला रेल्वे आली. सप्टेंबर २०२२ मध्ये नगरची गाडी सुरू झाली, यंदाच्या सप्टेंबरात ती बीडपर्यंत पोचली. पेपर मात्र अजून जीपनंच येतात.

आज शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५. सुतळी कापायला ब्लेड काढलं तर थंडीनं बोटं आखडलेली. मी तालुका प्रतिनिधी. म्हणजे बातमी मीच लिहायची, जाहिरात मीच आणायची, अंक मीच टाकायचा आणि महिनाअखेर वसुलीला मीच हिंडायचं. त्यात गेली काही वर्षं रविवारच्या अंकात खेळावर एक छोटं सदर लिहितो. मानधन नाही. पण गावात 'क्रिकेटवाले पत्रकार' एवढी ओळख झालीय, आणि पुसू म्हटलं तरी ती पुसली जात नाही.

६.३०

दोन पोरांपैकी एक आजारी, म्हणून अर्धी लाइन मीच टाकली. शेवटच्या घराच्या पायरीवर अंक ठेवतोय तोच पुतण्याचा फोन. तो मेलबर्नला असतो. तिकडं दुपारचे बारा वाजलेले.

"काका, जडेजा जाणार म्हणे. आज सही होणार."

आठवडाभर कुणकुण होतीच. आयपीएलमध्ये रवींद्र जडेजा चेन्नई सोडून राजस्थानला आणि संजू सॅमसन राजस्थान सोडून चेन्नईला. पुतण्या आता तिकडच्या 'फुटी'चा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा भक्त झालाय. अंडाकृती मैदान, अंडाकृती चेंडू, एका बाजूला अठरा गडी. तिकडं ऑक्टोबर आला की खेळ बंद आणि अदलाबदलीचा मोसम सुरू. आणि त्यांचं वेड असं की नुसता खेळाडूला खेळाडू देत नाहीत, पुढं येणाऱ्या नव्या पोरांमधला निवडीचा नंबरही देतात. पोटातल्या वासराचा सौदा म्हणा ना. सौदा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणता क्लब जिंकला याचे मार्क पेपरात छापून मोकळे.

"मार्क बरोबर निघतात का रे?" मी विचारलं.

तो हसला आणि २००१ सालचा किस्सा सांगितला. फ्रीमँटलनं पहिल्या, विसाव्या आणि छत्तिसाव्या निवडीचे हक्क हॉथॉर्नला दिले आणि त्यांचे दोन तयार गडी घेतले, ट्रेंट क्रोड आणि ल्यूक मॅकफार्लिन. हॉथॉर्ननं पहिल्या नंबरावर ल्यूक हॉज घेतला, छत्तिसाव्यावर सॅम मिचेल. पुढं हॉथॉर्ननं २००८, २०१३, २०१४ आणि २०१५ अशी चार अजिंक्यपदं जिंकली आणि हे दोघं चारही वेळा संघात. म्हणजे फ्रीमँटल धुपलं? तसंही नाही. मॅकफार्लिन त्यांच्याकडं पार २०१५ पर्यंत खेळला, चांगला खेळला. क्रोड मात्र दोन मोसमांत जुन्या दावणीला परत आला आणि २००८च्या विजेत्या संघात हॉथॉर्नकडूनच होता. म्हणजे दिलेला बैलही परत, घेतलेली वासरंही घरात. वर २०१३चा अंतिम सामना याच दोन क्लबांत झाला आणि फ्रीमँटल हरलं.

"मग मार्क कधी द्यायचे?"

"काका, चौदा वर्षांनी," म्हणून त्यानं फोन ठेवला.

९.४५

अण्णांच्या हॉटेलात टीव्हीवर कोलकात्याची कसोटी लागलेली. भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका, दुसरा दिवस. मी मिसळ सांगितली आणि तेवढ्यात पोरांच्या मोबाइलवर बातमी येऊन आदळली. सॅमसन १८ कोटींना चेन्नईत. जडेजा १४ कोटींना राजस्थानात, आधी तो १८चा होता. आणि जडेजाच्या जोडीला सॅम करन, २ कोटी ४० लाखांना.

पुढचा पाऊण तास हॉटेलात कुणाचा चहा कुणी प्याला ते कळलं नाही. पिवळ्या टीशर्टातलं एक पोरगं रडकुंडीला आलेलं. २०२३च्या अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारून ज्यानं कप दिला, त्याला विकता? दुसरा म्हणाला, विकला कुठं, दिला. तिसऱ्याचं म्हणणं, करन फुकट गेला. हा करन २०२३च्या मोसमासाठी पंजाबनं साडेअठरा कोटींना घेतलेला, लिलावातला तोवरचा सगळ्यात महाग. तीन वर्षांत तो 'वर' घालायच्या लायकीचा झाला!

अण्णा पुरी तळता तळता म्हणाले, "ज्याची त्याची नड."

मला हे पटलं. नड काय होती? गेल्या मोसमात राजस्थान नववं आणि चेन्नई दहावं. तळातल्या दोघांनी एकमेकांच्या ताटात हात घातलाय. चेन्नईला यष्टिरक्षक हवा, कारण धोनी ४४ वर्षांचा. राजस्थानकडं ध्रुव जुरेल आहे, त्यामुळं सॅमसनचं ओझं नाही. पण खालच्या फळीत खांदा देणारा कुणी नाही. शिवाय सॅमसनला निघायचं होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. बैल विकायचाच आहे हे गिऱ्हाइकाला कळलं की भाव आपोआप उतरतो. तरीही राजस्थाननं एकाच्या बदल्यात दोन काढले, ही त्यांची हुशारी. उलट बाजूनं बघा. सॅमसन चारच दिवसांपूर्वी ३१चा झाला, जडेजा तीन आठवड्यांत ३७चा होईल. एक अजून दहा वर्षं ओढेल, दुसरा जुळलेल्या दातांचा.

टीव्हीवर तेव्हा जडेजाच फलंदाजीला. आज त्याच्या कसोटीतल्या ४००० धावा पूर्ण झाल्या. हॉटेलातल्या एकाचंही तिकडं लक्ष नव्हतं.

११.१५

पेपरातून फोन आला. चारशे शब्द, सातच्या आत.

"आणि निकाल पाहिजे. कोण जिंकलं, ते मथळ्यात आलं पाहिजे. शेवटी 'येणारा काळच ठरवेल' असं लिहू नका, वाचक चिडतात."

वाचक चिडतात हे मला त्यांच्याआधी कळलेलं आहे. नोव्हेंबर २०१९. अजिंक्य रहाणे राजस्थानहून दिल्लीला गेला आणि त्याच्या बदल्यात राजस्थानला मिळाले मयंक मार्कंडे आणि राहुल तेवतिया. रहाणेचा जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, म्हणजे आमचा शेजारी. मी ठोकून दिलं की दिल्लीनं राजस्थानला भरदिवसा लुटलं. तेवतियाचं नाव मला नीट लिहितासुद्धा येत नव्हतं.

पुढच्या सप्टेंबरात शारजात पंजाबविरुद्ध राजस्थानला २२४ करायचे होते. तेवतिया २३ चेंडूंत १७ वर रखडलेला. मी खुशीत चार जणांना मेसेज टाकला: 'बघा.' आणि शेल्डन कॉट्रेलच्या षटकात त्यानं पाच षटकार मारले. मॅच जिंकून दिली. त्या मोसमात त्याच्या २५५ धावा आणि १० बळी, रहाणेच्या नऊ सामन्यांत ११३ धावा. ते 'बघा' अजून मला परत येतं. लग्नात येतं, तहसीलच्या आवारात येतं. एकानं तर दहाव्याच्या कार्यक्रमात म्हटलं.

त्याच मोसमाआधी दिल्लीनं ट्रेंट बोल्टला मुंबईला देऊन टाकलं होतं. १० नोव्हेंबर २०२०ला दुबईत मुंबई आणि दिल्ली अंतिम सामन्यात समोरासमोर. पहिल्याच चेंडूवर बोल्टनं स्टॉइनिसला घालवलं, एकूण तीन बळी घेतले, सामनावीर झाला. आपण दिलेलं जनावर आपल्याच उभ्या पिकात घुसलं. त्यावर मात्र मी काहीच लिहिलं नव्हतं, कारण बोल्ट गेला तेव्हा माझं लक्ष रहाणेवर.

१२.४०

तेवढ्यात तात्यांचा फोन. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. शेत आष्टीपासून आठेक किलोमीटरवर, वाडीत.

"आरं, बैल बदलायचाय. तू ये. साक्षीला घरचं कुणीतरी लागतंय."

चारशे शब्द राहिले बाजूला. मोटारसायकलला किक मारली. रस्त्याच्या कडेनं अजून सप्टेंबरच्या पावसाच्या खुणा. वाहून गेलेली बांधावरची माती काही ठिकाणी तशीच पडलेली. पेरण्या मागं पडल्यात. हरभरा, गहू, सगळं उशिरा चाललंय.

गोठ्यासमोर सात-आठ माणसं जमलेली. समोरचा गडी ऊसतोडीचा गाडीवान. टोळी कधीच कारखान्यावर गेली. त्याचा एक बैल ऐनवेळी लंगडला म्हणून तो मागं राहिलेला. उचल घेऊन बसलाय, मुकादमाचे दिवसाला तीन फोन. नड म्हणतात ती ही. त्यानं वाडीत बदलीसाठी एक पांढरा बैल आणलेला. वयानं जुळलेला, शिंगं बोथट, चालण्यात घाई नाही, नजरेत भरावं असं काहीच नाही. बदल्यात त्याला हवा होता तात्यांच्या तांबड्याचा जोडीदार, पाखऱ्या.

पाखऱ्या म्हणजे वाडीची शान. सहादाती, अंगावर ठिपके, पोळ्याला मिरवताना पुढं. त्याला सोडून ते थकलेलं पांढरं जनावर? मी तात्यांना बाजूला घेतलं.

"तात्या, धुपाल."

तात्यांनी तंबाखू मळली, चुना झटकला.

"तू पाभरीमागं चाललायस कधी? पाखऱ्या पळतोय. तांबड्या त्याच्या चालीचा न्हाय. जू तिरकं व्हतंय, चाड्यावरची मूठ हालतीय, तास वाकडं जातंय. बैल चांगलाय रं. जोड चांगली न्हाय. मला बैल नको, जोड पायजे."

हे एक वाक्य मला सकाळपासून हॉटेलात सापडत नव्हतं.

मग तपासणी. तात्यांनी पांढऱ्याचा ओठ वर करून दात पाहिले, खांद्यावर हात दाबून सूज आहे का बघितली, खूर उचलून पाहिले, शेपटी धरून मागं उभे राहिले. लाथ आली नाही. मग खरी परीक्षा. तांबड्यासोबत त्याला जू चढवलं आणि मोकळ्या रानात दोन फेऱ्या काढल्या. मी बांधावरून बघत होतो. पहिल्या फेरीत पांढरा जरा बुजला, कान मागं. वळणावर तांबड्यानं मान टाकली तशी यानंही टाकली. दुसऱ्या फेरीत दोघांच्या खांद्यांवर जू असं आडवं बसलं की वर पाण्याची वाटी ठेवली असती तर हिंदकळली नसती. तात्या काहीच बोलले नाहीत, फक्त टोपी काढून परत घातली.

आता 'वर किती?'

पाखऱ्याचं मोल जास्त, त्यामुळं वरचे पैसे गाडीवानानं द्यायचे. मध्यस्थानं खांद्यावरचा टॉवेल काढून तात्यांच्या हातावर टाकला आणि टॉवेलखाली बोटं धरली. सगळी वाडी त्या टॉवेलकडं टक लावून. कापड हलतंय, आत कोणतं बोट दाबलं कुणाला ठाऊक. तात्या मान हलवतात, नाही. मध्यस्थ गाडीवानाकडं जातो, पुन्हा टॉवेल, पुन्हा बोटं. चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला तात्यांनी हात सोडवला नाही. झालं.

आकडा तात्यांनी मला सांगितला नाही. काकूलाही सांगणार नाहीत. मला तेव्हा हार्दिक पंड्या आठवला. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो गुजरातहून मुंबईला १५ कोटींना आला असं आपण सगळे म्हणतो. ते १५ कोटी म्हणजे त्याचा पगार. मुंबईनं गुजरातला वर काय दिलं, ते टॉवेलखालीच राहिलं. आणि तोच आकडा माहीत नसताना आपण कोण जिंकलं, कोण हरलं म्हणून हॉटेलात टेबलं बडवतो. २०२४ला मुंबई तळाला गेली, वानखेडेवर लोकांनी हार्दिकची हुर्यो उडवली. तेव्हा गुजरात शहाणं ठरलं. २०२५ला मुंबईनं त्याच गुजरातला एलिमिनेटरमध्ये घरी पाठवलं. मग मुंबई शहाणी. पैसे एकदाच दिले, शहाणे मात्र दरवर्षी बदलतात.

फरक आहे, मान्य. पाखऱ्याला कुणी विचारलं नाही. आयपीएलमध्ये खेळाडूची संमती लागते. पण खेळाडूनं स्वतःहून दावं तोडलेलं तिथंही खपत नाही. जडेजा मुळात राजस्थानचाच. २००८ला शेन वॉर्नच्या विजेत्या संघात होता. करारात असताना दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केली म्हणून २०१०चा अख्खा मोसम त्याला बाहेर बसवलं. पंधरा वर्षांनी रीतसर सही करून तो त्याच गोठ्यात परत चाललाय.

निघताना तात्यांनी पाखऱ्याच्या गळ्यातलं दावं काढून घेतलं. गाडीवानानं आपलं आणलेलं बांधलं. पाखऱ्या रस्त्याला लागला तो पळतच. गाडीवान मागं ओढला जात होता आणि हसत होता. तात्यांनी दावं गुंडाळून खुंटीला अडकवलं. मग कुणाशी न बोलता विहिरीकडं गेले.

४.४०

परत आलो तर अण्णांच्या टीव्हीसमोर पुन्हा गर्दी. कोलकात्यात दिवसाचा खेळ संपलेला. दक्षिण आफ्रिका ७ बाद ९३ आणि त्यातले चार बळी जडेजाचे, २९ धावांत. ज्या दिवशी त्याचा भाव चार कोटींनी उतरला, त्याच दिवशी. पिवळ्या टीशर्टातलं पोरगं आता वेगळ्या कारणानं रडकुंडीला. "हा असला माणूस दिला?" अण्णांनी त्याला एक चहा फुकट दिला. अण्णांना मी असं करताना कधी पाहिलेलं नाही.

५.१५

संघांच्या कायम ठेवलेल्या आणि सोडलेल्या खेळाडूंच्या याद्या आल्या. चेन्नईनं पथिराणाला सोडलं, कोलकात्यानं आंद्रे रसेलला. शमी हैदराबादहून लखनौला, अर्जुन तेंडुलकर मुंबईहून लखनौला, पालघरचा शार्दूल ठाकूर लखनौहून मुंबईला. यादी चाळता चाळता एका ठिकाणी थांबलो आणि मोठ्यानं हसलो.

२०१९ साली मुंबईनं मयंक मार्कंडेला दिल्लीला दिलं आणि बदल्यात शरफेन रुदरफोर्डला घेतलं. सरळ अदलाबदल. मार्कंडे दिल्लीकडून एकही चेंडू न टाकता चार महिन्यांत राजस्थानला गेला. तेवतियाच्या जोडीचा तो हाच. आज बघतो तर मुंबईनं कोलकात्याकडून मार्कंडेला परत आणलंय, ३० लाखांना. आणि गुजरातकडून रुदरफोर्डलाही, २ कोटी ६० लाखांना. ज्या दोघांची एकमेकांशी अदलाबदल झाली, ते सहा वर्षांनी एकाच दावणीला! आता त्या सौद्यात कोण जिंकलं, ते कोणत्या मथळ्यात बसवायचं?

५.४०

दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलो. दुकान म्हणजे पेपरची एजन्सी, झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्ज. मध्येच एकजण सातबाऱ्याच्या दोन प्रती काढून गेला.

आमच्या तालुक्याला निकालाचं एक सोपं गिऱ्हाईक आहे, मांडव्याचा अविनाश साबळे. तो पळाला की वाद नसतो. जुलै २०२४ मध्ये पॅरिसला स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पळाला, राष्ट्रीय विक्रम. बातमीत घड्याळाचा आकडा लिहायचा की काम झालं. सौद्याला असं घड्याळ नाही. मग निदान काय मोजायचं ते तरी नीट लिहू, असं ठरवलं.

लिहिलं ते असं. सॅमसन आणि जडेजा यांना तराजूच्या दोन पारड्यांत टाकू नका. सॅमसनला ऋतुराज गायकवाडच्या शेजारी उभं करा आणि जू सरळ बसतं का बघा. जडेजाला जुरेलच्या खाली, सहाव्या-सातव्या क्रमांकावर उभं करा आणि तसंच बघा. दोन्हीकडं सरळ बसलं तर दोघं जिंकले, आणि तसं होऊ शकतं. हरणारा असलाच पाहिजे असा सौद्याचा नियम नाही. तरीही कुणी गळ्याला सुरी लावून विचारलंच तर मी आज राजस्थानच्या बाजूनं बोलेन, कारण एकाचे दोन झाले आणि करन २ कोटी ४० लाखांत कुठल्याही जोडीत चालतो. मात्र हा माणूस २०१९ला तेवतियाबद्दल चुकला होता, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावं.

शेवटचं वाक्य मी स्वतःहूनच घातलं. दुसरं कुणी म्हणण्याआधी आपणच म्हटलेलं बरं.

६.५०

४१२ शब्द. पाठवले.

७.३०

वसुलीच्या दोन घरी गेलो. एकानं पैसे दिले, दुसऱ्यानं 'बघा' म्हटलं.

९.५०

पानाचा फोटो मोबाइलवर आला. मथळा: 'सॅमसन मिळवून चेन्नईनं मारली बाजी!' खाली माझं नाव. मजकुरात राजस्थानच्या बाजूचं वाक्य जसंच्या तसं होतं. तेवतियाचं, जागा पुरली नाही म्हणून, कापलेलं. फोन लावला. पान सुटलं होतं.

१०.१५

तात्यांचा फोन. वाडीत या वेळेला कुणी जागं नसतं.

"पाणी पिलं बरं का त्यानं."

"कुणी?"

"पांढऱ्यानं. कडब्याला तोंड लावलं न्हाय अजून. रस्त्याकडं तोंड करून उभा हाय. पयली रात हाय, व्हईल." जरा थांबले. "सकाळी हरभऱ्याला पाभर धरतोय. येतूस का बघायला?"

म्हटलं, गठ्ठे टाकून येतो.